पांढऱ्या पट्टीवरचे पाच डाग

पुढच्या बाजूची टेप सोलून काढताच गिटारवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. गिटारच्या कडेने फिरणारी लाकडी पट्टी पांढरीशुभ्र निघायला हवी होती. तिच्यावर चक्क पाच ठिकाणी काळातांबडा रंग उतरला होता.

गिटारला सनबर्स्ट रंग दिलेला होता. मधोमध पिवळा, बाहेरच्या अंगाला तांबडा आणि अगदी कडेला काळपट, असे एकात एक विरघळत गेलेले रंग. या रंगाची सगळी ऐट कडेच्या पांढऱ्या पट्टीवर असते. पट्टी प्लास्टिकची असती तर उतरलेला रंग पुसून मोकळं होता आलं असतं, पण लाकूड रंग पितं. म्हणून आधी पट्टीवर बारीक ब्रशने पारदर्शक लॅकर द्यायचं, ते वाळलं की वर टेप लावायची आणि मगच रंगाला हात घालायचा. तीस वर्षं हेच करत आलेल्या माणसाच्या हातून चूक होणं शक्य नव्हतं. निदान त्याचं तसं म्हणणं होतं.

त्यात ही गिटार गिऱ्हाइकाची नव्हती, मुलीची होती. दोन महिन्यांपूर्वी त्याने रागाच्या भरात कपाटाचं दार आपटलं, वर ठेवलेली मुलीची जुनी गिटार खाली आली आणि तिचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून मुलीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मीठ हवं असलं तरी ती आईकरवी मागायची. सोमवारी तिची संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा होती. त्याआधी ही नवी, देखणी गिटार तिच्या हातात ठेवली की ती बोलेल, या एका आशेवर तो दोन महिने राबत होता.

"टेपच भिकार दिलीय," तो गरजला आणि रीळ घेऊन तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेला.

"ही टेप आहे की गाळणी?" त्याने रीळ काउंटरवर आपटलं.

दुकानदाराने चष्मा वर केला. "किती ठिकाणी उतरला रंग?"

"पाच."

"आणि टेप केवढी लावली होती?"

"चांगली दीड मीटर."

"मग टेप खराब असती तर दीड मीटरभर उतरला असता. नेमक्या पाच जागा निवडायला टेपला अक्कल असते का?"

गिटारवाल्याने जाताजाता दुकानाच्या पायरीला नावं ठेवली आणि धुमसत घरी आला. बायको कमरेवर हात ठेवून गिटारकडे बघत होती. मुलगी दाराला टेकून उभी होती, नेहमीसारखी गप्प.

"टेप ठीक आहे म्हणे," तो गुरगुरला. "म्हणजे लॅकरच भेसळीचं."

"लॅकर द्यायला परवा कुठून सुरुवात केलीत?" बायकोने विचारलं.

"गिटारच्या मानेच्या डाव्या बाजूने. नेहमी तिथूनच करतो. का?"

बायकोने पहिल्या डागावर बोट ठेवलं. "हा वरच्या मजल्याचा. ते पलंग सरकवत होते आणि तुम्ही खिडकीतून त्यांचा उद्धार केलात." बोट पुढे सरकलं. "हा त्या फोनवाल्या बाईचा. बिचारीने विमा हवाय का एवढंच विचारलं होतं. आणि हा माझा."

"तुझा कसा काय?"

"नळ गळतोय म्हटलं मी. त्यावर दहा मिनिटं ऐकवलंत मला."

गिटारवाल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पारदर्शक लॅकर कुठवर दिलंय ते दिसत नाही. भांडून परत आल्यावर दर वेळी तो अंदाजाने बोटभर पुढूनच सुरुवात करत होता आणि मधलं लाकूड कोरडंच राहत होतं. परवाचे सगळे तंटे पट्टीवर ओळीने उमटले होते.

"पण हा?" बायकोचं बोट चौथ्या डागापाशी अडलं. तो सगळ्यांत लांब होता. "तेव्हा तर मी बाजारात होते. घरात चिटपाखरू नव्हतं."

"जुना मालक," तो खाली बघत म्हणाला.

"कुठला मालक?"

"कारखान्यातला. माझ्या हाताला सफाई नाही म्हणाला होता. त्याला काय सुनवायला हवं होतं, ते परवा सुचलं."

"त्याला अकरा वर्षं झाली. आणि पाचवा?"

"तेच उत्तर. परत एकदा म्हणून बघितलं."

आता उपाय एकच होता. धारदार पातं दोन्ही हातांत धरायचं आणि डाग जाईपर्यंत पट्टी अलगद खरवडायची. पातं जरा आत घसरलं की रंगावर ओरखडा, आणि रंग नव्याने द्यायला दिवस उरले नव्हते. त्यामुळे मान वळवायची नाही आणि तोंडही उघडायचं नाही. तो वाकला आणि कामाला लागला.

बायको थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नळ अजून गळतोय."

उत्तर आलं नाही. ती दचकलीच. तेवीस वर्षांच्या संसारात तिला कधी दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचताच आलं नव्हतं. तिने दुसरं वाक्य म्हणून बघितलं. काही झालं नाही. तेव्हा तिने स्टूल ओढलं, ऐसपैस बसली आणि तिसऱ्याला हात घातला. नळावरून ती आपटलेल्या दारांवर आली, तिथून बहिणीच्या लग्नात त्याने फुगवलेल्या तोंडावर, तिथून सासरच्या पहिल्या दिवसावर. गिटारवाल्याची कानशिलं तापली. दोन उत्तरं तर अगदी ओठांपर्यंत आली होती, पण हातात पातं होतं. त्याने ती गिळली.

दोन तासांनी पाचवा डाग गेला. पट्टी लख्ख पांढरी झाली. त्याने पातं खाली ठेवलं, पाठ सरळ केली, छातीभर श्वास घेतला आणि बायकोकडे वळला. "आता माझं ऐक."

तेवढ्यात मुलगी दारातून पुढे आली. तिने जपून गिटार पालथी केली. मागच्या कडेलाही तशीच पट्टी होती आणि तिच्यावरची टेप अजून तशीच होती. तिने ती सावकाश सोलून काढली. खाली सात डाग होते.

मुलीने आईला खुणेने उठवलं आणि स्वतः स्टुलावर बसली.

"पातं धरा, बाबा," ती म्हणाली. "मला बोलायचंय."