विहिरीपलीकडचे दोन फूट

वाकवलेला पाइप सोडला की परत उघडतो, ही साधी गोष्ट टेकचंदला तिसऱ्या पाइपाला कळली. पहिला त्याने मोहाच्या बुंध्याला टेकवून वाकवला. ती कमान इतकी चिंचोळी झाली की तिच्याखाली बकरीसुद्धा उभी राहिली नसती. दुसरा बैलगाडीच्या चाकात अडकवून ओढला, तो मधोमध चेपला. मोबाइलवरच्या व्हिडिओतला टोपीवाला माणूस मात्र बोलता बोलता सात कमानी करून मोकळा झाला होता.

"त्या टोपीवाल्यालेच बोलवा न मंग," पुष्पाबाई म्हणाली.

ती चिडणारच. वाफ्यात मिरचीची चार हजार रोपं उभी होती आणि सोमवारी ती न्यायला सानगडीच्या बचत गटातल्या अकरा बायका येणार होत्या. शब्द तिने दिला होता, नवऱ्याने नाही. त्यात उद्या संध्याकाळी अवकाळी पाऊस येणार, असं सगळे सांगत होते. ताडपत्री तशीच अंथरली तर रोपं दडपून मरणार. कमानी उभ्या करून वर प्लास्टिक ताणणं, एवढाच उपाय होता. कमानी हव्या होत्या सात, आणि धड पाइपही उरले होते सातच.

"काही नाई होत तुया रोपाले," टेकचंद म्हणाला. "फक्त एक मोठी गोल वस्तू पाह्यजे."

मोठी गोल वस्तू समोरच होती. धुऱ्यावरची, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरची विहीर, दहा फूट रुंद, सिमेंटचा गुळगुळीत कठडा. अडचण एवढीच की ती अर्धी टेकचंदची होती आणि अर्धी त्याच्या थोरल्या भावाची, घनश्यामची. दोघा भावांचं तीन वर्षांपासून बोलणं बंद होतं. टेकचंदच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत घनश्यामचं नाव चौथ्या नंबरवर छापलं गेलं, एवढंच कारण. पहिल्या तीन नंबरांवर कोण होतं, ते आता त्या दोघांनाही आठवत नव्हतं.

टेकचंदने न्याय सोडला नाही. पाइप आपल्याच अर्ध्या कठड्याला टेकवला, मधोमध साखळीने बांधला आणि दोन्ही टोकं हद्दीपर्यंत आणून सोडली. पाइप सुस्कारा टाकल्यासारखा उघडला आणि पराती‌एवढा उथळ झाला. हिशेब सरळ होता. अर्धगोल कमान पाहिजे तर पाइप अर्ध्या गोलाच्या पुढे न्यावा लागणार, म्हणजे दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट घनश्यामच्या हद्दीत.

पुष्पाबाईने एक टोक धरलं, टेकचंदने दुसरं. टोकं पलीकडे सरकली मात्र, पलीकडच्या बाजेवरून आवाज आला.

"सीता, त्याले विचार, हद्द कुठवर हाय त्याची?"

सीताबाई घनश्यामची बायको. निरोप सांगून सांगून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. ती टेकचंदकडे वळली. "टेकचंदभाऊ, हे विचारून राहिले, हद्द कुठवर हाय तुमची?"

"वयनी, त्याले म्हणा, दोन फुटानं त्याची विहीर आटते काय?"

"आयकलं मी!" घनश्याम ओरडला. "सीता, त्याले म्हण, पाइप काढ."

कोणी काढेना, म्हणून तो स्वतःच उठला आणि पुष्पाबाईच्या हातातलं टोक ढकलून द्यायला आला. तिने लगेच डोक्यावर पदर ओढला आणि त्याने टोक धरताच ते सोडून बाजूला झाली. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्याशी धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नसतं आणि त्यानेही तिच्याशी बोलायचं नसतं. बावीस वर्षांत तिने त्याच्याशी एक अक्षर काढलं नव्हतं.

आता पाइप घनश्यामच्या हातात होता. तो ढकलणारच होता, पण दुसऱ्या टोकाला टेकचंद ज्या पद्धतीने हिसके देत होता, ते त्याला पाहवेना. घनश्यामला भावाचा राग सहन व्हायचा, गबाळं काम सहन होत नसे.

"सीता, त्याले सांग, हिसके देऊन नाई ओढाचं! दमानं. दोन्ही टोकं एकदम."

"टेकचंदभाऊ, दमानं. एकदम."

"वयनी, त्याले सांगा, मी कवाचा दमानंच ओढून राहिलो."

पण ओढला दमाने. दोन्ही टोकं बरोबरीने पुढे गेली. "सोड म्हण!" घनश्याम म्हणाला, "सोडा!" सीताबाई म्हणाली, आणि दोघांनी एकदम सोडलं. पाइप उघडला तो नेमका अर्धगोल होऊन थांबला.

दुसरी कमान झाली, तिसरी झाली. सहाव्यापर्यंत रीत पक्की बसली. घनश्याम सांगे, सीताबाई पोहोचवे, टेकचंद उलट बोले, सीताबाई तेवढं गाळून टाके. जेवणाची वेळ टळली, तरी कोणी हटेना. आभाळ मात्र एक दिवस आधीच भरून आलं.

सातवा पाइप ताणून पूर्ण आला आणि नेमका तेव्हा सीताबाईच्या चुलीवरचा भात करपल्याचा वास आला.

"अगाई!" म्हणत ती घराकडे पळाली.

विहिरीच्या दोन बाजूंना दोन भाऊ पाइपाचं एकेक टोक छातीशी धरून उभे राहिले. मध्ये बोलणारं कोणी नव्हतं. एकाने आधी सोडला तर पाइप फिरणार, आणि हा शेवटचाच होता.

"पुष्पे," टेकचंद दात आवळून म्हणाला, "सांग त्याले, एकदम सोडाचं हाय. माझे हात सुटून राहिले!"

"मी कशी सांगू जी? भासरे होत ते माझे!"

"तर मंग विहिरीले सांग!"

घनश्यामही घामाघूम झाला होता. तो आपल्या बैलाकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "कोणी सांगा न रे, आता सोडाचं का थांबाचं?" बैल रवंथ करत राहिला.

"सांग न वो!" टेकचंदच्या हातातून पाइप बोटभर सरकला.

पुष्पाबाईने आभाळाकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं. चार हजार रोपं आणि अकरा बायका. तिने पदर मागे सारला.

"मोठे भाऊजी!" ती कडाडली. "सोडू नका! मी तीन म्हणतो, मंग सोडा!"

बावीस वर्षांत न ऐकलेला आवाज कानावर पडल्याबरोबर घनश्याम इतका गांगरला की त्याने दोन्ही हात जोडले. म्हणजे पाइप सोडला. टोक सपकन फिरलं, बादली विहिरीत गेली, बाज उलटली, आणि पलीकडे टेकचंद पाइपासकट चिखलात बसला.

"अबे टेक्या!" घनश्याम धावला. "लागलं का बे?"

टेकचंदने तोंडावरचा चिखल पुसला. "नाई लागलं दादा," तो म्हणाला, आणि लगेच, "पण सोडला काहून?"

"तिनं आवाज देला न बे! मी काय करू?"

"मंग हात कायले जोडले?"

"माणूस घाबरते त काय करते?"

दोघं भांडत भांडतच उठले आणि भांडत भांडतच तो पाइप पुन्हा कठड्याला लावला. या वेळी तीन पुष्पाबाईने मोजले. कमानी गाडल्या, प्लास्टिक ताणलं, कडेला माती ओढली, आणि शेवटचं फावडं खाली ठेवेपर्यंत थेंब पडायला लागले. चौघं आत वाकून उभे राहिले. डोक्यावर पाऊस वाजत होता आणि एकही रोप हलत नव्हतं. पुष्पाबाईला रडू आलं, तिने ते लपवलंही नाही.

सोमवारी अकरा बायका रोपं घेऊन गेल्या आणि पुढच्या महिन्याची मागणी नोंदवून गेल्या. पुष्पाबाईने लगेच नवे वाफे टाकले. अडचण तिथून सुरू झाली.

बोलणं एकदा फुटलं ते फुटलंच. घनश्याम सकाळी सहाला कमानीखाली हजर.

"पुष्पा, पाणी जास्त झालं."

"हो जी."

"पुष्पा, प्लास्टिक इकून उघड. हवा लागू दे."

"हो जी."

"पुष्पा, असं बी नाई पेराचं. सरक, दाखवतो."

आठव्या दिवशी ती धुरा ओलांडून सीताबाईकडे गेली आणि मटकन खाली बसली. "जाऊबाई, हात जोडतो तुमाले. त्याइले सांगा, माझ्यासंग बोलू नोका. रीत होती थेच बरी होती."

सीताबाई निवांत तांदूळ निवडत होती. तीन वर्षांत तिचा चेहरा इतका टवटवीत कधी दिसला नव्हता.

"मी नाई सांगत बाप्पा," ती म्हणाली. "लगन झाल्यापासून तीस वर्षं त्याइचं मीच आयकलं. आता थोडं तू आयक."