विचार करणारी काच

भर दुपारचे बारा वाजले होते, आणि बैठकीच्या खोलीत डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख होता. लांबलचक टेबलाभोवती बसलेल्या नऊ माणसांचे नुसते श्वास ऐकू येत होते, आणि भिंतीवरच्या विजेच्या मीटरचे हिरवे आकडे एखाद्या जुन्या दुखण्यासारखे संथपणे चढत होते.

इमारतीचा अभियंता त्या आकड्यांकडे पाहत उभा होता. दहाच मिनिटांपूर्वी त्याने छाती फुगवून सांगितले होते, "पडदे काढून टाकलेत. बटणसुद्धा ठेवलेलं नाही! ऊन चढलं की काच आपली आपण गडद होते, उतरलं की निवळते, आणि वीज वाचते. ही काच विचार करते, साहेब!"

"अहो, विचारात पार बुडाली की काय तुमची काच?" अंधारातून संचालकांचा आवाज आला.

"जरा वेळ द्या, साहेब. निवळेल."

"दिवा लावू का?" कोपऱ्यातून कोणीतरी चाचरत विचारले.

"नको! आकडा चढेल!" अभियंता ओरडला.

आकडा तसाही चढतच होता. साऱ्या इमारतीच्या खिडक्यांनी डोळे मिटल्यावर मजल्यामजल्यावर लोकांनी मुकाट्याने दिवे लावले होते.

खरे तर अभियंत्याला आता ना बचतीचे कौतुक उरले होते, ना काचेचे. सात महिने तो या खिडक्यांना जुंपलेला होता. त्याला हवी होती फक्त तीन आठवड्यांची रजा. दूरदेशी लेकीकडे सहा महिन्यांची नात होती, आणि आजोबांनी तिला अजून फोनच्या काचेतूनच पाहिले होते. प्रात्यक्षिक झाले की अर्जावर सही, असा संचालकांचा शब्द होता.

"द्या तो अर्ज इकडे," संचालक कंटाळून म्हणाले. "मी इथून थेट गाडीत बसणार. तेवढं तरी हातावेगळं करू."

कागद चाचपडत टेबलावरून सरकला. पेन करकरले. अभियंत्याच्या जिवात जीव आला!

त्या बळावर तो बाहेर धावला आणि खिडकीच्या कठड्यावर त्याने हात घातला. डबी गायब! उजेड मोजणारी काडेपेटीएवढी बिनतारी डबी, जिच्या सांगण्यावरून साऱ्या काचा वागत.

"मावशी! इथली डबी कुठाय?"

सफाईच्या मावशी फडके झटकत आल्या. "आहे की. भांड्यांच्या कपाटात जपून ठेवलीय."

"कपाटात?"

"तुम्हीच नाही का बजावलंत, हा इमारतीचा डोळा, यावर कण बसता कामा नये म्हणून? मेली कबुतरं रोज घाण करतात! म्हटलं, आज मोठे साहेब यायचेत, एक दिवस तरी डोळा स्वच्छ असू दे."

"पण मावशी, कपाटात तर अंधार..."

"अंधार कसा असेल? डोळ्याला दिसायला नको? मोठा दिवा लावून ठेवलाय, अगदी डोक्याशी!"

डबीला बिचारीला वाटले असणार, सूर्यच शेजारी राहायला आला. अभियंत्याने कपाट उघडून डबी काढली. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते.

डबी मुठीत घट्ट मिटून तो बैठकीत परतला. मुठीतल्या त्या इवल्याशा रात्रीवर काचेने विश्वास ठेवला आणि ती हळूहळू निवळू लागली. आधी खुर्च्या दिसल्या, मग अवघडलेले चेहरे, आणि शेवटी टेबलावरचा अर्ज. सही ठसठशीत होती. 'नामंजूर' लिहिलेल्या चौकटीत!

"साहेब," मूठ न उघडता तो हळूच म्हणाला, "ही सही खालच्या चौकटीत पडलीय. अंधारात चुकूनच ना?"

संचालकांनी आधी अर्जाकडे पाहिले, मग चढलेल्या आकड्याकडे. सावकाश पेनाला टोपण लावले, आणि लख्ख उजेडातून दाराबाहेर निघून गेले.