एक वाचक, जव्हार

नानांनी माझ्यासमोर एका कादंबरीच्या नायकाला सहा महिने सक्तमजुरी ठोठावली, तेव्हा मला जव्हारात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. नायकाचा गुन्हा असा, की उडत्या घोड्यावर बसून तो सात समुद्र ओलांडून गेला, राक्षसाच्या किल्ल्यातून त्याने राजकन्येला सोडवलं, तिच्याशी लग्न केलं, आणि या सगळ्या सव्वाशे पानांत घोड्याला एकदाही दाणा घातला नाही.

“घोडा उडतो याबद्दल माझी तक्रार नाही,” चाकूने पेन्सिल तासत नाना म्हणाले. “लेखक म्हणतो उडतो, तर उडतो. पण उतरल्यावर त्याला चंदी कोणी घातली? पुराव्यात नाही. सबब नायक दोषी.”

शेवटच्या पानावरच्या कोऱ्या जागेत मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी हा निकाल लिहिला आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मी नवा, आणि नव्या माणसाला नियमांचं फार प्रेम असतं. मी वाचनालयाच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘पुस्तकांवर काहीही लिहू नये.’ नानांनी पाटी शांतपणे वाचली.

“अक्षर बघा कोणाचं आहे ते,” ते म्हणाले. पाटी त्यांनीच लिहून दिली होती.

मी दिवसा शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी संस्थानच्या कृपेने मिळालेल्या एका खोलीत वाचनालय उघडून बसत असे. नाना न्यायकचेरीत नक्कलकारकून. न्यायाधीशांनी निकाल द्यायचा आणि नानांनी त्याच्या नकला उतरवायच्या, एक काना इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. तीस वर्षं दुसऱ्याचे निकाल लिहून माणसाला स्वतः एखादा निकाल द्यावासा वाटला, तर त्यात त्याची चूक नाही. कचेरीत ती सोय नव्हती, म्हणून नाना संध्याकाळी आमच्याकडे न्यायदानाला बसत.

अद्भुत कादंबऱ्या हा त्यांचा जीव की प्राण. यक्ष, भुयारं, अदृश्य करणारा मुकुट, बोलणारा पोपट, सगळं त्यांना चालायचं. न चालायचा तो गलथानपणा. ‘वज्रगुहेतील विद्याधरी’ नावाच्या कादंबरीत एकेचाळिसाव्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, ‘नायिका तीन दिवस मूर्च्छित. पुढच्याच पानावर तीच नायिका कडा चढते. मूर्च्छेतून उठलेल्या बाईस प्रथम नागलीची पेज द्यावी, मग कडा.’ प्रेमाच्या कादंबऱ्या ते वाचत, पण संशयिताची झडती घेतल्यासारख्या. ‘शशिकला अथवा शेवटच्या क्षणी सुटका’ या पुस्तकात नायक नायिकेला नदीकाठी पाहताक्षणी प्रेमात पडतो. तिथे नानांचा शेरा: ‘नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, साक्षीदार नाहीत. हे प्रेम ग्राह्य धरता येत नाही.’

आता याच शेऱ्याखाली दुसरं एक अक्षर होतं. उभट, घाईचं, प्रत्येक ओळीच्या शेवटी वर चढत जाणारं. त्या अक्षरात लिहिलं होतं, ‘जव्हारच्या वाचकाने आयुष्यात नदीच पाहिली नसावी. प्रेमास साक्षीदार लागत नाहीत, लागते काळीज. — एक वाचक, मोखाडे.’

त्याखाली नाना: ‘काळीज नायकास असते तर त्याने पुढील प्रकरणात नायिकेस वादळात एकटे सोडले नसते. पाहा पृष्ठ ७२. — एक वाचक, जव्हार.’

त्याखाली मोखाडे: ‘पृष्ठ ७२ पाहिले. रडलो. तुम्ही रडला नाहीत, म्हणून तुम्ही गाढव.’

झालं असं होतं, की दर पंधरा दिवसांनी आमच्या वाचनालयाची पत्र्याची पेटी बैलगाडीतून मोखाड्याला जायची. पोशेरा गावचा लखमा गाडी हाकायचा. तिथली कचेरीतली चार माणसं पुस्तकं वाचून परत पाठवायची. नाना जाताना शेरा मारत, मोखाड्याचा वाचक येताना उत्तर देई. एकेक कादंबरी पाचपाच वेळा डोंगर चढून उतरून आली होती. समासात जागा उरली नाही की भांडण प्रस्तावनेत शिरे, तिथून मलपृष्ठावर जाई. आणि गंमत म्हणजे गावाला ते फार आवडे. नवं कोरं पुस्तक दिलं की लोक चाळून परत करत. “मास्तर, हे नको. भांडण झालेलं द्या,” असं मला दरबारच्या मोठमोठ्या घरांतून निरोप येत.

मी एकदा नानांना विचारलं, “हे मोखाड्याचे गृहस्थ कोण?”

“असेल कोणी रिकामटेकडा,” नाना म्हणाले आणि घाईने निघून गेले.

गावात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. मोखाड्याचा वाचक म्हणजे नानांचे सख्खे थोरले भाऊ, दादा. तिथल्या कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसलेले. दोघांची अठरा वर्षं बोलाचाली बंद होती.

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. त्यांचे वडील वारले ते पहाटे, सूर्य उगवायच्या सुमाराला. उगवायच्या आधी की नंतर, हा प्रश्न. आधी म्हणाल तर तिथी अष्टमी, नंतर म्हणाल तर नवमी. नाना उशाशी होते, त्यांच्या मते अष्टमी. दादा तेव्हा अंगणात होते, त्यांनी डोळ्यांनी ऊन पाहिलेलं, म्हणून नवमी. पहिल्या वर्षश्राद्धाला भटजी पाटावर बसले असताना वाद पेटला आणि दादांनी शपथ घेतली, की नाना चूक कबूल करीपर्यंत त्याच्याशी बोलणार नाही. नानांनीही तीच शपथ उलटी घेतली. तेव्हापासून जव्हारात अष्टमीला श्राद्ध होई आणि मोखाड्यात नवमीला. वडील बिचारे दोन दिवस लागोपाठ जेवत. मात्र शपथ बोलण्याची होती, लिहिण्याची नव्हती. त्या फटीतून अठरा वर्षं कादंबऱ्या जात-येत होत्या.

नानांनी लग्न केलं नव्हतं. बाजाराच्या मागे एका खोलीत ते एकटे राहत, आपला भात आपण टाकत. त्यांच्याशी वर्षानुवर्षं कोणी भांडत असेल, तर तो म्हणजे तो पेन्सिलीतला माणूस.

आणि एका पंधरवड्याला पेटी परत आली, तेव्हा नानांच्या शेऱ्यांखालचे समास कोरे होते.

नानांनी सातही पुस्तकं उलटून पाहिली. मग झटकून पाहिली. “आजारी असेल,” ते म्हणाले. “म्हणजे तो रिकामटेकडा.”

पुढच्या खेपेला त्यांनी जरा झणझणीत शेरे मारले. नायिका दरीत कोसळते तिथे लिहिलं, ‘बरे झाले.’ समास कोराच आला. त्यापुढच्या खेपेला त्यांनी एका नायकाच्या पत्रातली सबंध प्रेमकविता काट मारून ‘पाल्हाळ’ असा शेरा दिला. हे म्हणजे दादांच्या वर्मावर बोट. काही नाही. शेवटी त्यांनी ‘शशिकले’च्या मुखपृष्ठाआड हुकूमच काढला: ‘यापुढे सर्व नायिकांस रडण्यास मनाई आहे.’ चौथ्या खेपेला तोही अनुत्तरित परत आला. त्या संध्याकाळी नानांनी नवं पुस्तक नेलं नाही. नुसते बाकावर बसून राहिले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

लखमा पेटी उतरवून बैलांना पाणी दाखवत होता. मी त्याला गाठलं. “लखमा, मोखाड्याचे दादा बरे आहेत ना?”

“बरं हाय की.”

“मग पुस्तकं वाचत नाहीत का?”

“कशी वाचंल? डोळं गेलं त्याचं. पडदा आला. पोथी मांडीवर घेतो न हात फिरवत बसतो. पेटी आली का, पेटी आली का, रोज इचारतो.”

“अरे, मग सांगितलं का नाहीस?”

“तुमी इचारलं कुठं? तुमी इचारता पोथ्या किती आणल्या. सात नेल्या, सात आणल्या.”

मी मागे वळलो तर नाना दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी टोपी नीट केली आणि ते म्हणाले, “लखमा, उद्या गाडीत जागा आहे का?”

मीही गेलो. रविवार होता, आणि खरं सांगायचं तर न जाणं मला शक्यच नव्हतं. अर्धा घाट चढल्यावर नाना एकदम म्हणाले, “मास्तर, मोठ्याने वाचणे हे बोलणे होय काय?”

“म्हणजे?”

“शब्द लेखकाचे. आवाज फक्त माझा. नकलेतल्या मजकुराला नक्कलकार जबाबदार नसतो, बरोबर?”

“अगदी बरोबर,” मी म्हणालो. न्यायाधीश असतो तरी दुसरा निकाल दिला नसता.

पोचलो तेव्हा दादा ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. नानांचंच तोंड, फक्त पिकलेलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. नानांना पाहताच त्यांच्या हातातलं सूप तिरकं झालं.

“कोण आलंय गं?” दादांनी विचारलं.

वहिनींनी नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “वाचनालयाचे मास्तर आलेत.”

“आणि?”

“आणि...” वहिनी अडखळल्या. “आणि पुस्तक आलंय.”

नेमका तेव्हाच नानांना खोकला आला. घाटातली धूळ. दादांनी मान त्या दिशेला वळवली. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

“पुस्तक खोकतंय,” ते म्हणाले. “त्याला पाणी दे.”

पाणी पिऊन नाना ओटीच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि त्यांनी ‘शशिकला’ उघडली. बहात्तरावं पान. नायिकेचा विलाप त्यांनी अशा सुरात वाचला, की जमिनीच्या हद्दीचा निकाल वाचतायत असं वाटावं. “‘हे प्राणनाथा. मला या वादळात. एकटी टाकून. आपण कोठे चाललात.’” दादांनी कपाळ धरलं. “मास्तर,” ते मला म्हणाले, “या पुस्तकाला सांगा, ती बाई मरायला टेकली आहे.” मी सांगितलं. नानांनी आवाज थोडा वर नेला. आता ती बाई कोणाला तरी रागवत असल्यासारखी वाटू लागली. वहिनी पदर तोंडाशी धरून हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

पुढे नायिकेचं पत्र येतं. तिच्या भावाला लिहिलेलं. माझी दृष्टी अधू झाली आहे, तू येशील तेव्हा तुझा चेहरा दिसणार नाही, पण तुझी पावलं मी ओळखीन, वगैरे. नानांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी हळूच पान उलटलं आणि पुढच्या प्रकरणापासून सुरुवात केली.

“नाना,” दादा म्हणाले, “पान गाळलंस.”

अठरा वर्षांनी ती हाक आली होती, आणि दादांच्या लक्षातही आलं नव्हतं. ते पुढच्या ओळीची वाट पाहत होते.

“हो, दादा,” नाना म्हणाले. त्यांनी पान मागे घेतलं आणि पत्र पहिल्यापासून वाचलं. त्या वेळी मात्र ते निकालासारखं वाचता आलं नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मला राहवेना. मी म्हणालो, “नाना, जिंकलात तुम्ही. दादा आधी बोलले.”

नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी एखादा खोटा साक्षीदार असावा. “कोण बोललं?”

“दादा. ‘नाना’ म्हणाले ते.”

“पुराव्यात नाही,” नाना म्हणाले. “तुम्ही काही ऐकलं नाही. वहिनींनी ऐकलं नाही. लखमा बैलांपाशी होता. दादाचा शब्द मोडलेला नाही. समजलं?”

“समजलं,” मी म्हणालो.

त्यानंतर नाना दर महिन्याला तीन दिवसांची रजा मागू लागले. अर्जात कारणाच्या जागी लिहीत, ‘मोखाडे येथील वाचकाचे म्हणणे नोंदवून घेणे आहे.’ वरच्या साहेबांनी काय समजून ती मंजूर केली, ते त्यांनाच ठाऊक.

त्या पहिल्या खेपेची ‘शशिकला’ मी वाचनालयात आल्यावर उघडून पाहिली. बहात्तराव्या पानाच्या तळाशी, जेमतेम बोटभर उरलेल्या जागेत, नवा मजकूर होता. अक्षर नानांचं, मोत्यासारखं. शब्द दादांचे. ‘जव्हारच्या वाचकाचा आवाज फुटक्या घंगाळासारखा आहे. त्यास प्रेमातील काही कळत नाही. तो गाढव होता, आहे व राहील. पुढील खेपेस लवकर यावे.’

एक काना इकडचा तिकडे झालेला नव्हता. खाली नानांनी सही केली होती, आणि कचेरीतल्या प्रत्येक खऱ्या नकलेखाली ते लिहीत असत ती ओळ लिहिली होती: ‘अस्सल बरहुकूम नक्कल.’