चाकणला पोचवलेला शब्द

बंदरावर उतरलेला जर्मन शब्द इतका लांब होता, की सर्जेराव कोळेकरच्या ट्रकमधून त्याचं शेपूट बाहेर राहिलं. सर्जेरावने काथ्याने शब्द आवळला आणि शेपटाला रिवाजाप्रमाणे लाल फडकं बांधलं.

शब्द होता 'लाडुंग्सझिशेरुंग'. गाडीतला माल हलू नये म्हणून पक्का बांधणे, असा त्याचा अर्थ. चाकणच्या जर्मन कारखान्यातला जुना शब्द वापरून झिजला होता, आणि नवा येईपर्यंत तिथे माल चढवणं बंद होतं. सर्जेरावला तिथूनच सांगलीला न्यायचा माल मिळायचा होता. उद्या सांगलीत त्याच्या मुलीचं बारसं होतं.

खोपोलीला चहाला थांबल्यावर त्याने शब्दावर हळूच टकटक केली. पुढून भरीव, मध्ये जरा पोकळ. कुतूहलाने त्याने कानही लावून पाहिला.

"काय नेतोस रे?" चहावाल्याने विचारलं.

"शब्द."

"कुणाचा?"

"जर्मनांचा."

"घाटात सांडला तर?"

"म्हणून तर बांधलाय."

चाकणला माल तपासणाऱ्या कानडे मॅडमनी शब्दाभोवती एक फेरी मारली.

"काथ्या? इथे पट्टेच लागतात. ड्रायव्हरने स्वतःचे आणायचे."

सर्जेराव खाली बघत म्हणाला, "पण मॅडम, तो नियम या शब्दातूनच निघतो ना? शब्द तर गाडीत होता."

मॅडमनी विचार केला. "बरोबर आहे. वाटेत नियम लागू नव्हता." त्यांनी शब्द उतरवून घेतला.

लगेच काम सुरू झालं. सर्जेरावच्या गाडीत सांगलीचे खोके चढले. त्याने ते काथ्याने बांधले आणि गाडी फाटकाशी आणली.

"आता लागू आहे," मॅडम म्हणाल्या.

"पट्टे कुठे मिळतील?"

"उद्या, दुकान उघडल्यावर."

"उद्या बारसं आहे, मॅडम."

सर्जेरावने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. मग चाचरत विचारलं, "तो शब्द घटकाभर बाहेर ठेवता येईल का?"

मॅडमनी खोक्यांकडे पाहिलं, शब्दाकडे पाहिलं आणि तीन हमालांना हाक मारली. चौथा हात त्यांनी स्वतः लावला. शब्द फाटकाबाहेर बाभळीखाली टेकवला गेला. सर्जेरावची गाडी सावकाश बाहेर पडली.

"नाव काय ठेवताय?" मॅडमनी दम खात विचारलं.

"ते आत्याच्या हातात."

"बरं. सांभाळून जा."

गाडी वळणाआड गेल्यावर चौघांनी शब्द उचलून पुन्हा आत नेला. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर आपले पट्टे बाहेर काढू लागला.