ठरल्या वेळी न गळलेलं छत

चिमीची आई बालवाडीत मान वर करून उभी होती. छत कोरडं ठणठणीत होतं आणि पंचाईत नेमकी तीच होती.

पावसाळ्यात हेच छत मुलं दुपारी झोपतात त्या कोपऱ्यात गळायचं. चिमीची सतरंजी त्याच कोपऱ्यात. गेल्या पावसाळ्यात तिची एक सर्दी जायची ती दुसरीला आत घेऊनच, आणि तिची आई शिंकेगणिक थर्मामीटर झटकत बसायची. पण नगरपालिकेचं अंदाजपत्रक ठरायचं उन्हाळ्याच्या तोंडावर. शाळा आणि समाजकल्याण समिती पाहणीला यायची, माना वर करायची आणि दरवर्षी एकच शेरा लिहून जायची, ‘गळती आढळली नाही.’

“यंदा आढळेल,” चिमीची आई बालवाडीच्या बाईंना म्हणाली.

बेत साधा होता. चिमीचे आजोबा पाइप घेऊन छतावर बसणार. खाली मुलांनी हत्तीचं गाणं सुरू केलं की त्यांनी पाणी सोडायचं, गाणं थांबलं की बंद करायचं. समितीसमोर ‘वरची टाकी वाहतेय वाटतं’ हे वाक्य चिमीची आई टाकणार होती, कारण बाईंना खोटं बोलताना हसू यायचं.

आजोबा, म्हणजे चिमीच्या आईचे सासरे, लगेच तयार झाले. बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण मोडकं काही दिसलं की हात शिवशिवायचे. पाहुणे म्हणून गेले तरी यजमानांच्या दाराची कडी घट्ट करून यायचे. दुपारचे ते बालवाडीच्या भिंतीला लागून असलेल्या वृद्धांच्या विरंगुळा केंद्रात कॅरम खेळायचे. त्यांचे जोडीदार मास्तर चाकांच्या खुर्चीत. केंद्राच्या पायऱ्यांवरून त्यांना रोज चार म्हातारे उचलून आत न्यायचे, आणि त्या चौघांना बघून मास्तरच जास्त घाबरायचे. केंद्रानेही पायऱ्यांच्या जागी उतार मागितला होता. अर्ज दोन, समिती एक आणि पैसे एकाच कामापुरते, त्यामुळे घरात जेवताना हा विषय कोणी काढत नसे.

पाहणीच्या आदल्या दिवशी तिने सासऱ्यांना भेग शोधायला छतावर पाठवलं. बऱ्याच वेळाने ते उतरले. हात काळेकुट्ट.

“सापडली?”

“सापडली,” म्हणून ते साबण शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. पुढे भारदस्त सभापती, मागे वही घेतलेल्या सदस्यबाई. मोठी खुर्ची बालवाडीत नव्हतीच, म्हणून सभापती मुलांच्या लाल खुर्चीत बसले. बसले म्हणजे खुर्चीने त्यांना कसंबसं सामावून घेतलं.

बाईंनी खूण केली. मुलांनी हत्तीचं गाणं धरलं. वर पाण्याचा धो धो आवाज सुरू झाला.

“वरची टाकी वाहतेय वाटतं,” चिमीची आई म्हणाली आणि कोपऱ्याकडे बघू लागली. मग सगळेच बघू लागले. हत्ती नदीवर गेला, न्हाला, परत आला. थेंब पडेना.

पाणी मुरायला वेळ लागत असेल, असा विचार करून तिने मुलांना आणखी एकदा गायला सांगितलं. मग आणखी एकदा. एवढी मोकळीक मुलांना कधीच मिळाली नव्हती. तिसऱ्या वेळेनंतर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, पण हत्ती आता कोणाच्या बापाचं ऐकणार नव्हता. आणि गाणं थांबत नाही म्हणून पाणीही थांबेना. ते छताच्या उतारावरून ओघळत नेमकं दारावर कोसळू लागलं. दारात पाण्याचा पडदा तयार झाला. चिमीच्या आईने त्यातून हात बाहेर काढून हलवला. छतावरच्या माणसाने आपलं कौतुक होतंय असं समजून धार वाढवली.

सभापती दचकून उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. सदस्यबाईंनी वही बाजूला ठेवून ती ओढून काढली. मुलांना हा खेळ इतका आवडला की ती गायचं विसरली, आणि त्या क्षणी पाणी बंद झालं.

शांततेत सभापतींनी शर्ट खाली ओढला, छताकडे पाहिलं.

“एवढं पाणी पडूनही थेंब नाही. नगरपालिकेच्या कचेरीचं छत गळतं हो, हे नाही गळत. लिहून घ्या.”

सदस्यबाईंनी लिहून घेतलं. ‘भर पाण्यातही गळती आढळली नाही. छतासाठी राखलेली रक्कम शेजारच्या केंद्राच्या उताराला द्यावी.’

समिती गेल्यावर सासरे शिडीवरून उतरले, नखशिखांत भिजलेले आणि प्रसन्न.

“बाबा, काल भेग बुजवलीत तुम्ही?”

“घरी डांबराचा डबा पडला होता. आपली पोर खाली झोपते गं. बघवेना.”

“मग आज पाणी कशाला सोडलंत?”

“तू सांगितलंस म्हणून. शिवाय, बुजवलेलं तपासून बघायला नको?”

चिमीच्या आईने भांडायला तोंड उघडलं. पण कशावर भांडायचं तेच सापडेना. वर्षभर तिला जे हवं होतं, ते डोक्यावर कोरडं ठणठणीत पसरलं होतं. तिने चिमीची सतरंजी कोपऱ्यात अंथरली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. बातमी केंद्रात पोचली होती. मास्तरांचा आवाज सगळ्यांत वरचा होता.

तिने सासऱ्यांकडे वळून पाहिलं. ते पाइप गुंडाळण्यात फारच गढून गेले होते.

“बाबा, खरं सांगा. भेग चिमीसाठी बुजवलीत की मास्तरांसाठी?”

सासऱ्यांनी पाइप खांद्यावर टाकला.

“भेग एकच होती गं,” ते म्हणाले आणि कॅरम खेळायला गेले.