साळिंदरबाईचं स्वच्छ मडगार्ड

एका जंगलात, मुलांनो, टपाल सायकलवरून जायचं. सायकली कुठून आल्या ते विचारू नका. गोष्टीत सिंह बोललेला चालतो ना, मग सायकलही चालवून घ्या.

टपाली दोघे होते. एक साळिंदरबाई, दुसरा रानडुक्कर. दोघेही हंगामी. त्या वर्षी पावसाळा संपला की सिंहमहाराज तपासणी करून एकालाच नोकरीत कायम करणार होते. साळिंदरबाईला ही नोकरी हवीच होती. सात वर्षं हंगामी राहून तिचे काटे अर्धे पांढरे झाले होते.

तिथली माती काळी आणि भारी चिकट. चाक आणि मडगार्डाच्या मधे जाऊन बसायची. साळिंदरबाई मधूनमधून उतरायची, पाठीतला एक काटा उपसायची आणि चिखल खरवडून काढायची.

"कशाला गं एवढा खटाटोप?" रानडुक्कर म्हणायचा. "चांगला चिखल आहे!"

"अरे, चाक अडकेल."

"अडकू दे की. तेवढाच आराम."

एकदा डोंगरावरच्या माकडांनी निरोप धाडला. ओढ्याला लोंढा येतोय, सशांनी बिळं सोडावीत. दोघांनाही एकेक चिठ्ठी मिळाली. रानडुकराचं चाक अर्ध्या वाटेवर घट्ट अडकलं. तो तिथेच लोळला आणि झोपी गेला. साळिंदरबाई पाच काटे मोडून पोचली. ससे पोराबाळांसकट टेकडीवर चढले. मागोमाग पाणी आलं.

मग तपासणी झाली. नियम जुनाच होता : ज्याच्या मडगार्डात चिखल जास्त, त्याची फिरती जास्त. रानडुकराची सायकल चार सांबरांनी उचलून आणली, कारण ती ढकलताही येईना. कोल्हेप्रधानांनी बोटं लावून मोजलं.

"चार बोटं, महाराज!"

"केवढी ही धावपळ!" महाराजांचे डोळे पाणावले. मग त्यांनी साळिंदरबाईचं मडगार्ड पाहिलं. "बाई, तुम्ही पावसाळाभर घरीच होता वाटतं?"

एक म्हातारा ससा धीर करून पुढे आला. "महाराज, हिच्यामुळे आम्ही पुरातून वाचलो."

"तुम्ही सगळे जिवंत आहात ना?" प्रधान म्हणाले. "मग कसला पूर? लिहून घ्या रे, पूर आला नाही."

रानडुक्कर कायम झाला. मला त्या प्रधानाच्या मिशा उपटाव्याशा वाटल्या. पण गोष्ट सांगणाऱ्याला तेवढे अधिकार नसतात.

पुढच्या पावसाळ्यात साळिंदरबाईने एकही काटा उपसला नाही. त्याही वर्षी लोंढा आला. तपासणीत तिच्या मडगार्डात चिखल भरला पाच बोटं. महाराजांनी स्वतः हार घालून तिला कायम केलं. सत्काराला सगळं जंगल आलं होतं. सशांची जागा तेवढी रिकामी होती. त्यांची चिठ्ठी अजून तिच्या पिशवीतच होती.

तात्पर्य : मडगार्डातला चिखल रोज काढावा, सायकल छान पळते. फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी तो परत भरून ठेवावा. आणि मुलांनो, तुम्ही ससे असाल तर टपालाची वाट बघू नका. बीळ टेकडीवरच खणा.