समर्थपणे वठवलेली राणी

"ज्या गावाला आपला इतिहास ठाऊक नाही, त्या गावाला भविष्य नाही!" असं प्रफुल खोब्रागडे यांनी नागभीडमधल्या राहत्या घरी जाहीर केलं. सभेला त्यांच्या पत्नी हर्षा तेवढ्या उपस्थित होत्या. त्या म्हणाल्या, "भविष्याचं मंग पाहू. गॅस संपला."

निवृत्त झाल्यापासून प्रफुलराव गावाचा इतिहास गोळा करत होते. पहिला अध्याय मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, एका जुन्या नाटकाचा ठरला, कारण त्यात राणीचं काम त्यांच्या वडिलांनी, लहानूजींनी केलं होतं. वडील गेले तेव्हा प्रफुलराव पाळण्यात होते. घरात फोटोसुद्धा नव्हता. जे काही वडील शिल्लक होते, ते ऐंशी ओलांडलेल्या आईच्या, गुणाबाईंच्या डोक्यात होते.

मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो आईसमोर ठेवत प्रफुलराव म्हणाले, "सांग माय."

"तुहा बाप गा, लुगडं नेसून असा आला, का मी तं—"

"थांब. आधी तारीख सांग."

"तारीख? धान कापून झाले होते."

"साल?"

"मले काय ठाऊक बाप्पा!"

"असा इतिहास नसते माय. पुरावा लागते." आणि इतिहास कसा असतो, हे त्यांनी आईला सविस्तर समजावलं. गुणाबाई ओशाळल्या.

पुरावा मुश्ताकभाई बाइंडरांकडे निघाला. बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकाचे अंक त्यांच्या वडिलांनी बांधून ठेवले होते आणि संपादक ते न्यायला कधी आलेच नव्हते. "ले जाओ भाऊ," मुश्ताकभाई म्हणाले, "पन सांभाळून. पानं पापडावानी झाले."

आईची आठवण जागी व्हावी म्हणून प्रफुलरावांनी बातमी मोठ्यानं वाचली. 'दिनांक अकरा रोजी येथील मंडईनिमित्त सादर झालेल्या नाट्यप्रयोगास रसिकांनी प्रचंड प्रतिसाद दिला. श्री. लहानू खोब्रागडे यांनी राणीची भूमिका समर्थपणे वठवली.'

नवऱ्याचं नाव छापून आलेलं ऐकून गुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आखीन वाच." प्रफुलरावांनी खालच्या जाहिरातीसकट वाचलं. जेवताना पुन्हा वाचलं. शेजारच्या अन्नपूर्णाबाई आल्या, त्यांच्यासाठी पुन्हा. असं आठवडाभर चाललं.

मग पुन्हा रेकॉर्डिंग ठरलं. गुणाबाई ठेवणीतलं पातळ नेसून ताठ बसल्या.

"दिनांक अकरा रोजी," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "येथील मंडईनिमित्त सादर झालेल्या—"

"माय, पेपरातलं नाई. तुह्या मनातलं सांग."

"मनातलंच सांगून राह्यली. तुह्या बापानं भूमिका समर्थपणे वठवली."

"अवं, पन लुगडं नेसून ते असे आले, का तू तं... तू तं काय?"

गुणाबाईंनी बराच वेळ विचार केला. "पेपरात हाय का ते?"

"नाई."

"मंग नसन झालं."

प्रफुलराव स्वयंपाकघरात धावले. "तुले तरी सांगितलं असन ना मायनं?"

"एकदा लागल्या होत्या सांगायले," हर्षा म्हणाल्या. "लग्नाच्या वर्षी, तांदूळ निवडताना. तेवढ्यात तुमी आले अन् म्हनले, चहा ठेवा."

उरलं पहिलं रेकॉर्डिंग. ते भरपूर मोठं होतं. आईचं अर्धं वाक्य, दोनचार ओशाळवाणी उत्तरं आणि बाकी सगळे प्रफुलराव, इतिहास कसा असतो ते सांगताना. आवाज मात्र अगदी स्वच्छ आला होता.

प्रफुलरावांनी बांधलेले अंक कपाटात टाकले, मोबाइल बंद केला आणि आईच्या पायाशी बसले.

"माय, तारीख नको, साल नको. चुकीचं सांग, पन सांग. लुगड्यात कसे दिसत होते बाबा?"

गुणाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हळूच सैल झाल्या. हात पदराकडे गेला. एखाद्या नव्या सुनेसारख्या त्या जराशा लाजल्याही. प्रफुलराव आणखी जवळ सरकले.

"प्रफुल."

"बोल माय."

"त्या बातमीखाली बिडीची जाहिरात होती ना, तेवढी वाचून दाखव गा. मधलीच एक ओळ मले पाठ नाई होऊन राह्यली."